कोहिमा : एकवीस दिवसांचा शिधा

दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४४ च्या कोहिमाच्या लढाईचा विषय निघाला की डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट हमखास येतं. ती झुंज भयंकर होतीच. पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पारडं का फिरलं हे कळायला आधी जपानी सैनिकाच्या पाठीवरचं ओझं बघावं लागतं. त्यात शिधा होता सुमारे तीन आठवड्यांचा.

१५ मार्चच्या रात्री जपानच्या ३१ व्या डिव्हिजनने चिंदविन नदी ओलांडायला सुरुवात केली. तिथून दिवस मोजले तर शिधा ५ एप्रिलच्या सुमाराला संपतो, म्हणजे नेमका कोहिमाच्या पायथ्याशी पोचताना. पुढचं पोट या स्वारीचे जपानी सेनापती जनरल मुतागुची यांनी इंफाळच्या इंग्रजी कोठारांवर सोडलं होतं. सोबत गुरं घेतली होती: आधी ओझं वाहतील, मग खायला होतील. त्यांतली बरीच नदीतच बुडाली. उरलेली डोंगर चढेनात, आणि त्यांच्या पाठीवरचा दारूगोळाही गेला. जड तोफा तर आधीच मागे ठेवलेल्या.

अशा बेतात एकेक दिवस मोलाचा, आणि त्यांतले चांगले पाच गेले सांगशाकला. इंफाळच्या ईशान्येला डोंगरमाथ्यावरचं हे नागा गाव. तिथे ५० वी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला ४/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे आपली मराठा पलटण. दोन-तीन फुटांखाली कातळ लागायचा, म्हणून खंदक उथळ राहिले. काटेरी तार मिळालीच नाही. पाण्याची मारामार. जागा इतकी लहान की विमानातून टाकलेला बराच माल जपान्यांच्याच हाती पडायचा. तरी २२ ते २६ मार्च ही माणसं हटली नाहीत. खरं तर हे गाव ३१ व्या डिव्हिजनच्या हद्दीतही नव्हतं. त्या डिव्हिजनच्या इथल्या तुकडीचे प्रमुख जनरल मियाझाकी यांना ते वळसा घालून टाळता आलं असतं, पण ते तिथेच अडकले. मोहिमेतली ही मोठी चूक मानावी लागेल.

तिथेच एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला. वेढ्यातून वाट काढत त्याची नक्कल इंफाळला पोचवली गेली. इंग्रजांचा अंदाज होता की त्या जंगलातून कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल. नकाशात अख्खी डिव्हिजन होती! सांगशाकचं नाव कोहिमाइतकं घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

मिळालेला वेळ इंग्रज वरिष्ठांनी जवळजवळ दवडलाच. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या अराकानहून ५ वी भारतीय डिव्हिजन तोफा, जीप, खेचरांसकट विमानांनी उचलून आणली होती. त्यासाठी चीनच्या हवाई मार्गावरची ‘कमांडो’ नावाची २० अमेरिकन मालवाहू विमानं वळवावी लागली. या डिव्हिजनची १६१ वी ब्रिगेड कोहिमात पोचलीही, पण दिमापूरच्या रेल्वे ठाण्यावरच्या कोठारांच्या काळजीने ३१ मार्चला तिला मागे बोलावलं. ५ एप्रिलला परतताना एकच ब्रिटिश पलटण आत शिरू शकली. बाकीची ब्रिगेड दोन मैलांवर जोत्सोमाला अडकली. मात्र तिथून भारतीय माउंटन तोफखान्याने कोहिमाच्या टेकडीभोवती अचूक मारा चालू ठेवला. आतल्यांचं पाणी तुटलं होतं. बंगल्यामागे एक बारीक झरा सापडला, तिथे रात्री सरपटतच जावं लागे. टेनिस कोर्टच्या दोन बाजूंना दोघांचे खंदक, आणि मधल्या जागेवरून हातबाँबची फेकाफेक.

२० एप्रिलला वेढा फुटला, तरी जपानी बंकर हलेनात. १३ मे रोजी डोंगर कापून केलेल्या वाटेने ‘ली’ जातीचा एक रणगाडा कोर्टवर उतरवला आणि अगदी समोरून बंकर फोडले, तेव्हा ती जागा मिळाली.

तोवर ३१ व्या डिव्हिजनचे प्रमुख जनरल सातो शिध्यासाठी तारांवर तारा करत होते. मागून जवळपास काहीच आलं नाही. नागा गावांतलं धान्य किती दिवस पुरणार? मे अखेरीला, पावसाच्या तोंडावर, त्यांनी हुकूम मोडून माघार सुरू केली. जपानी सैन्यात हे अघटितच होतं. दक्षिणेला आझाद हिंद सेनेने १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकवला होता, पण उपासमार आणि मलेरिया यांनी त्या जवानांनाही सोडलं नाही.

इंफाळला जपान्यांनी कोंडलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याचं पोट मात्र डाकोटा या मालवाहू विमानांनी भरलं. २२ जूनला दिमापूरपासून १०९ व्या मैलाच्या दगडाशी कोहिमाहून आलेले रणगाडे आणि इंफाळहून निघालेले ५ व्या डिव्हिजनचे जवान भेटले, आणि दिमापूर-कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला.