टाकी, बझर आणि होल्डिंग

रविवार, रात्र

ईरा आत्ताच गेली, दादा न्यायला आला होता. टेबलावर वायरींचे तुकडे अजून पडलेत. आवरायच्या आधी लिहून ठेवते.

गच्चीवरची टाकी भरली की खाली घरात बझर वाजावा, एवढंच करायचं ठरलं होतं. मोटरच्या 230 व्होल्टला हात लावायचा नाही हे तिला आधीच बजावलं होतं. मोटर मी बंद करणार, तिने फक्त हाक मारायची सोय करायची.

तिच्याकडे आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आहे आणि शाळेत शिकवलेलं ब्लॉकचं सॉफ्टवेअर, स्क्रॅचवर बेतलेलं. रंगीत तुकडे माउसने ओढायचे आणि एकमेकांत अडकवायचे. ‘फॉरएव्हर’च्या पोटात ‘इफ’, ‘इफ’च्या खाचेत बोर्डची पिन, म्हणजे वायर जोडायची जागा. मला तिला सी, म्हणजे ओळी टाइप करून प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकवायची घाई झाली होती. डिप्लोमाला आम्ही 8051 या कंट्रोलर चिपवर असेंब्लीत, म्हणजे चिपच्या एकेका सूचनेत, साधा एलईडी ब्लिंक केला, तर त्यातल्या डिलेसाठी वहीत हिशोब मांडावा लागला होता : 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, एक मशीन सायकल 1 मायक्रोसेकंदाची, आकडा एकने कमी करून परत फिरवणाऱ्या डीजेएनझेड सूचनेला अशा दोन. त्या कष्टांतून गेल्याशिवाय कंट्रोलर कळत नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता तसं वाटत नाही.

शनिवारी सकाळी टेबलावर सगळं छान चाललं. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगत वर आला की जोडणी करणारा स्विच, हाताने उचलला की बझर वाजायचा. मग तिने केबल लॅपटॉपमधून काढून मोबाइलच्या चार्जरला लावली. बोर्डवरचा दिवा लागला, पण फ्लोट उचलला तरी काही होईना. “आत्या, बोर्ड गेला का गं?” बोर्ड धडधाकट होता. लाइव्ह मोडमध्ये तिचा प्रोग्रॅम चालत होता लॅपटॉपवर, आणि बोर्ड नुसता केबलमधून येणारे हुकूम पाळत होता. अपलोड मोड निवडला, तेव्हा कुठे प्रोग्रॅम बोर्डच्या 32 किलोबाइट फ्लॅश मेमरीत उतरला, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. तिने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, परत लावला, फ्लोट उचलला. वाजला. तरी खात्री पटावी म्हणून आणखी दोनदा तेच केलं. प्रोग्रॅम राहतो कुठे आणि चालतो कुठे, हे मला इतक्या लवकर कोणी दाखवलं नव्हतं.

दुपारी गच्चीपासून खाली वायर ओढली आणि भुताटकी सुरू झाली. टाकी अर्धी रिकामी आणि बझर मधूनच किर्र करायचा. ईराच्याच लक्षात आलं, की वायरजवळ हात नेला की वाजतो. ती हात जवळ न्यायची, मागे घ्यायची, परत न्यायची. मी मुद्दाम गप्प बसले. मग दोघींनी मिळून वायर बोटाने धरून पाहिली : फ्लोट वर आला की पिनला 5 व्होल्ट मिळतात, आणि खाली गेला की? ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्टही नाही, 5 व्होल्टही नाही. पिन अधांतरी. हवेतलं जे काही येईल ते वायर पकडणार. स्क्रीनवर पिन वाचायचा तुकडा मात्र तसाच शांत दिसतो, पिनला काही जोडलेलं असो वा नसो.

“म्हणजे काहीच नसणं आणि शून्य असणं वेगळं?”

हो, अगदी वेगळं. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर लावला. तपकिरी, काळा, नारिंगी, पट्टे तिनेच वाचले. किर्र थांबलं.

आज सकाळी खरी टाकी भरली, तर बझर अडखळत वाजू लागला. नळाची धार पडते, पाणी हिंदकळतं, फ्लोट वरखाली होतो. ईराने एक व्हेरिएबल केलं, नाव दिलं ‘वाजतोय’. फ्लोट वर आला की ते 1, बझर थांबवायचं बटण दाबलं की 0, आणि बझरने फक्त ‘वाजतोय’कडे बघायचं.

मी तिला कागदावर लॅडर काढून दाखवली. भोसरीला कामावर आम्ही पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर, दिवसभर तेच काढतो : दोन उभ्या रेषा, मध्ये पायऱ्या, स्टार्ट, स्टॉप, आणि स्टार्टला समांतर होल्डिंग कॉन्टॅक्ट, स्टार्टचं बटण सोडलं तरी यंत्र चालू ठेवणारा. रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, त्यांच्या पॅनेलची ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसांना नवं यंत्र वाचता यावं म्हणून ती भाषा तशी झाली. चित्रच आहे ते, आणि त्यावर प्रेस चालतात, कन्व्हेयर चालतात. तिचं ‘वाजतोय’ म्हणजे आमचं होल्डिंग. ते कोणी न सांगता तिला सुचलं. मला इतका आनंद झाला, की मी दादाला तेव्हाच फोन केला.

पण बटण सोडलं की बझर परत वाजतो, कारण टाकी भरलेलीच असते. जाता जाता पायरीवर बसून तिने वहीत दुसरं व्हेरिएबल लिहिलं, ‘ऐकलं’. बटण दाबलं की ते 1. ते 1 असेपर्यंत बझर गप्प, आणि फ्लोट खाली गेला की परत 0. मी म्हटलं, मोटर चालू असेपर्यंत पाणी हलत राहणार, म्हणजे ‘ऐकलं’ पुन्हा 0 होणार आणि बझर पुन्हा वाजणार.

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. “मग वाजू दे ना. मोटर चालूच आहे अजून.”