दुधात कोळसा घालून बघितला

परवा एक उद्योग केला. थोडी निळी शाई पाण्यात टाकली, तेवढीच दुधात, दोन्हीत चमचाभर बायोचारची (म्हणजे एक प्रकारच्या कोळशाची) पूड घातली आणि तासभर अधूनमधून ढवळत बसलो. पाणी फिल्टर पेपरमधून जवळजवळ स्वच्छ उतरलं. दुधाने मात्र पाच मिनिटांत फिल्टरच चोक केला, मग वैतागून फडक्यातून गाळलं तर बारीक पूडही सोबत खाली आली, आणि ग्लासात जमलं ते राखाडी-निळसर, बघवत नव्हतं असलं काहीतरी. (प्यायलो नाही!)

शाई म्हणजे काही औषध नाही, मान्य. पण डोक्यात औषधच होतं, दुधात उतरलेलं अँटिबायोटिक बायोचारने ओढून काढता येईल का, हे. गाईला कासदाह (कासेला सूज) झाला की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, ते पुढचे काही दिवस दुधात उतरत राहतं, म्हणून विथड्रॉवल पिरियड (औषधानंतर थांबायचे ठरलेले दिवस) संपेपर्यंत दूध विकायचं नसतं. उकळलं की जातं असं बरेच जण धरून चालतात, पण पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक साध्या उकळीने पुरतं जात नाही. आणि युरोपात पेनिसिलिनची दुधातली मर्यादा किती, तर किलोला 4 मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार किलो दुधात 4 मिलिग्रॅम.

आता बायोचार. तूस, लाकडाचा भुसा, करवंट्या, काहीही घ्या, हवा जवळपास बंद करून 300 ते 700 डिग्रीला तापवा, जळू द्यायचं नाही, नाहीतर हातात राख येते. उरतो तो भोकाभोकांचा कोळसा. टेट्रासायक्लिन या दुसऱ्या एका अँटिबायोटिकच्या रेणूतल्या चपट्या रिंगा कोळशातल्या तसल्याच रिंगांवर जाऊन बसतात, पाण्यात हे झकास चालतं.

दुधात गर्दी फार. कॅसिनचे (दुधातल्या प्रोटीनचे) गोळे साधारण शे-दीडशे नॅनोमीटरचे आणि कोळशाची सगळ्यात बारीक भोकं 2 नॅनोमीटरच्या आतली, त्यामुळे ते आत शिरत नाहीत पण दारातच ठाण मांडतात, फॅटही तिथेच येऊन चिकटतं. वर टेट्रासायक्लिन स्वतःच कॅल्शियमला धरून बसलेलं, ते सोडवून आणायचं कोणी? शिवाय कोळशाला काय कळतंय औषध कुठलं नि रायबोफ्लेविनसारखं व्हिटॅमिन कुठलं, मिळेल ते ओढणार.

त्यामुळे 'कोळसा घाला आणि दूध विका' असं कोणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही, ती विथड्रॉवल पिरियड बुडवायची पळवाट होईल. पण हे विकता न येणारं दूध खूप ठिकाणी वासरांना पाजतात, आणि त्यातल्या उरल्यासुरल्या औषधाने त्यांच्या पोटात रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारे, बॅक्टेरिया वाढू शकतात. तिथे बायोचार वापरून बघण्यात अर्थ आहे, कारण ते दूध दिसायला पांढरंशुभ्र असलंच पाहिजे असा कोणाचा हट्ट नसतो.

पुढच्या वेळी साय काढलेलं दूध घेणार आहे, फॅट कमी झाल्यावर तरी फिल्टर चालतो का बघू. ते फडकं दोनदा धुतलं, अजून काळंच आहे.