कात टाकल्यानंतरचे बारा दिवस

शेंदरीने, म्हणजे माझ्या टॅरंटुलाने (मोठा केसाळ कोळी), कात टाकली! सव्वा महिना काही खाल्लं नव्हतं तिने, पोट काळपट तुकतुकीत झालेलं, मागचा टक्कल पडलेला भाग तर शाईसारखा दिसत होता, त्यामुळे आज ना उद्या होणार हे माहीत होतं तरी सकाळी टाकीत डोकावले आणि ती जाळ्याच्या चटईवर उताणी पडलेली, आठ पाय (सात, ते पुढे सांगते) वर, म्हणजे धस्स झालंच. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच टॅरंटुला आलाय त्यांनी एवढं एकच डोक्यात ठेवा, उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो. मरणारा कोळी सरळच असतो आणि पाय पोटाखाली मुडपून घेतो. उताण्याला "मदत" म्हणून सरळ करायला गेलात तर तुमच्या हातून जाईल तो.

पण मला खरं लिहायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. कारण कात टाकताना सगळे श्वास रोखून बघतात, व्हिडिओ काढतात, आणि ती बाहेर आली की हुश्श करून लगेच खायला टाकतात, तिथेच घोळ होतो.

माझ्याकडूनही एक चूक झाली होती. दोन दिवसांपूर्वी खाते का बघू म्हणून एक रातकिडा सोडला होता आणि तो मातीत शिरला म्हणून मी विसरून गेले. त्या सकाळी तो बाहेर येऊन तिच्या पायापासून चार बोटांवर मिशा हलवत उभा. लांब चिमट्याने त्याला उचलेपर्यंत माझा हात थरथरत होता, कारण कात टाकताना आणि टाकल्यावर तिचं अंग इतकं मऊ असतं की एवढासा रातकिडासुद्धा तिला कुरतडून मारू शकतो. तिचे दातच तेव्हा चालत नाहीत. दात म्हणजे फँग्ज, तेही कातीबरोबर नवे येतात आणि सुरुवातीला पांढरेशुभ्र, मऊ असतात. मग लालसर होतात, मग काळे. काळे कुळकुळीत दिसेपर्यंत खायला द्यायचं नाही, हा माझा एकमेव नियम. पिल्लांना तीन-चार दिवस पुरतात, मध्यम आकाराच्याला आठवडाभर, मोठ्यांना दहा दिवस ते दोन आठवडे, पण दिवस मोजण्यापेक्षा दात बघा. ती काचेवर चढली की खालून टॉर्च मारून दिसतात.

तोपर्यंत करायचं काय, तर पाण्याची वाटी काठोकाठ भरून ठेवायची. बास. कात सोडताना अंगातलं पाणी खूप खर्च होतं, शेंदरी दुसऱ्या दिवशी वाटीत तोंड बुडवून कितीतरी वेळ तशीच होती. अंगावर फवारा मारायचा नाही, दिवा लावून ऊब द्यायची नाही, हातात तर अजिबात घ्यायचं नाही. एरवीसुद्धा टॅरंटुला उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं, आणि या दिवसांत तर सगळंच नाजूक. पोट लहान झालेलं दिसेल, पाय ताणून विचित्र पसरून बसेल, घाबरू नका, नवं अंग कडक होतंय तिचं.

कात मात्र काढून घ्या, पण ती उठून बाजूला गेल्यावर, आणि चिमट्यानेच, कारण जुने खाजरे केस त्यावर तसेच असतात आणि हाताला लागले की दिवसभर खाज जात नाही. माझी शेंदरी मेक्सिकन रेड नी जातीची, शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी (2017 पर्यंत यातल्या बऱ्याच ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावानेच विकल्या जायच्या, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव दिसेल). ही कात म्हणजे नुसती साल नव्हे हो, आतल्या फुफ्फुसाच्या पानांचं अस्तर, दातांचं आवरण, सगळं निघतं त्यात. पोटाकडचा चुरगळलेला भाग मी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवला, हळूहळू ब्रशने उलगडला, आणि वरच्या दोन फुफ्फुसांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मधे पदराच्या घडीसारखी छोटी घडी दिसली. मादी! नाव ठेवलं तेव्हापासून ती ती म्हणत होते पण खात्री नव्हती. नर असती तर शेवटची कात टाकल्यावर वर्ष-दोन वर्षंच मिळाली असती. मादी पुढेही कात टाकत राहते, वीस वर्षांच्या पुढे जगते. त्या ओल्या कातड्याच्या तुकड्याकडे बघत मी किती वेळ बसले होते मलाच माहीत नाही.

आणि आता तो पाय. माझ्याकडे आली तेव्हाच उजव्या बाजूचा तिसरा पाय नव्हता, मुळापासून तुटलेला. टॅरंटुलाला तुटलेला पाय कात टाकताना परत येतो हे वाचलेलं होतं. यावेळी तिने एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर ओढला आणि त्या रिकाम्या जागेतूनही एक निघाला, बारीक, फिकट, बाकीच्यांपेक्षा आखूड. पहिले तीन-चार दिवस ती तो जमिनीला टेकवतच नव्हती. मी रोज रात्री लाल टॉर्च घेऊन तेवढंच बघायचे. सहाव्या दिवशी टेकवला.

काल बारावा दिवस. दात काळे होते. नेहमीपेक्षा लहान रातकिडा घेतला, डोकं चेपून मारून चिमट्याने तिच्या पुढ्यात ठेवला, पहिल्या घासाला झटापट नको म्हणून. चोवीस तासांत नाही घेतला तर काढून टाकायचा ठरवलं होतं. पण ती क्षणभर थांबली, पुढचे पाय उचलले आणि झडपच घातली, मग तोंडात धरून जाळं विणत गोल गोल फिरायला लागली, त्या बारक्या पायावरसुद्धा भार देत.

पुढच्या कातीला तो अजून मोठा होईल.