उडी मारली की सूर गायब

परभणीत मे महिन्यातल्या दुपारी आमच्या घरात दोनच आवाज असायचे, एक कूलरचा आणि दुसरा टीव्ही गेमचा. गेम मामानं नांदेडहून आणलेला. पिवळी कॅसेट, वायरवाले दोन रिमोट आणि आत मिशीवाला मारिओ. आज्जी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ओरडायची, "बंद कर बाबा ते टुणटुण, डोकं उठायलंय माझं." पण तिचा कान पक्का होता. घड्याळ शंभराच्या खाली आलं की गाणं एकदम पळत सुटायचं. पडदा न बघताच आज्जी सांगायची, "आता मरतंय बघ." आणि बहुतेक वेळा मरायचंच. लाइट गेली तर त्याआधीच.

त्या गेममध्ये एक खोट होती. मारिओनं उडी मारली की गाण्यातला एक सूर गळायचा. नाणं घेतलं की चालीचाच घास जायचा. उडी संपली की गाणं पुन्हा भरून यायचं. मी ठरवून टाकलं की माल डुप्लिकेट आहे. मामा तक्रार घेऊन दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, "पोरगं खेळायलंय ना? मग झालं की."

दुकानदार बरोबर होता हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. १९८५ च्या अस्सल जपानी 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्येही सूर तसाच गळतो. यंत्रातल्या ध्वनीच्या चिपकडे पाचच गळे. दोन चिरके, चाल आणि तिच्या जोडीचा सूर गाणारे. एक गोल, खर्जाचा. चौथ्याला नुसती खरखर येते, चॅनल न लागलेल्या टीव्हीवर मुंग्या नाचतात तेव्हा येते तशी. हीच खरखर बारीक बारीक तोडली की ताल होतो. पाचवा गळा रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा, तो या गेमनं वापरलाच नाही. म्हणजे चार जणांत गाणंही म्हणायचं आणि उड्या, नाणी, फटाकेही वाजवायचे. मग उडीसाठी चिरक्यांपैकी एकाला गाणं सोडून धावावं लागतं.

संगीतकार कोजी कोंदो. त्यांचं काम मला गोंधळ्यांसारखं वाटतं. संबळ, तुणतुणं, झांज, एवढ्यावर आपल्याकडं अख्खी रात्र जागते. तुणतुण्याला तर एकच तार. आणि आज्जी त्या गाण्याला टुणटुणच म्हणायची!

पुढं गळे वाढत गेले. १९८८ च्या तिसऱ्या भागात तो पाचवा कामाला लागला आणि ढोलांना जरा अंग आलं. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'पर्यंत यंत्र नवीन, गळे आठ. त्यातली एक गंमत मला सगळ्यात आवडते. मारिओ योशी नावाच्या डायनासोरच्या पाठीवर बसला की चालू गाण्यात बोंगो मिसळतो, उतरला की थांबतो. १९९६ च्या 'मारिओ ६४'मध्ये एका तळ्यात वर तरंगताना गाणं सडपातळ असतं, बुडी मारली की त्यात तंतुवाद्यं येऊन मिळतात. २००७ च्या 'गॅलक्सी'साठी तर खराखुरा वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत पहिल्यांदाच एका व्हिडिओ गेमचं संगीत घेतलं, ते आमचं हे टुणटुणच.

'गॅलक्सी' आमच्या घरात पोरगं खेळतं. व्हायोलिनं अशी काही उसळतात की मीही पेपर खाली ठेवतो. मारिओ कितीही उड्या मारो, वाद्यवृंदातल्या कुणालाच थांबावं लागत नाही. माझा कान मात्र दर उडीला थोडा अडखळतो, अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.

परवा पोराच्या यंत्रात जुना, पहिला मारिओ सापडला. सुरू केला. तेच निळं आकाश, त्याच विटा. पहिल्या पाइपापाशी उभा राहून उडी मारली. सूर गळाला. पुन्हा मारली, पुन्हा गळाला. वर घड्याळ उतरत होतं. ते शंभराखाली गेलं, गाणं पळायला लागलं आणि मी आतल्या खोलीकडं बघितलं.

"पप्पा," पोरगं वैतागलं, "नुसत्या उड्या काय मारायलात, पुढं जावा की."