टेप, झोळी आणि ओट्यावरची माणसं

मी आशा सेविका आहे. अमळनेरकडच्या एका गावात बारा वर्षं हे काम करते. माझ्या पिशवीत लहान पोरांचं कुपोषण ओळखायची, दंडाला लावायची रंगीत पट्टी असते आणि मोठ्यांच्या कमरेची टेपही. पट्टी लाल आली, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, की आम्ही त्या आईला जवळ बसवतो, हळू आवाजात समजावतो. टेप जास्त आली की मात्र आमचा आवाज चढतो. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कुणाला आहे ते ओळखायला तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो, सीबॅक. तंबाखू, दारू, घरात कुणाला शुगर-बीपी, व्यायाम आणि कंबर. बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, 90 च्या वर गेली की दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी न्यायचं. फॉर्म कामाचा आहे. गावातल्या कितीतरी जणांचं बीपी त्याच्यामुळेच वेळेत सापडलं. पण मी तो कसा भरला, ते सांगते.

ऐन वेचणीचे दिवस होते. आमच्या गल्लीतली एक मावशी शेतातून नुकतीच आली होती. ओट्यावर सात-आठ माणसं बसलेली. मी तिथंच तिच्या लुगड्यावरून टेप गुंडाळली आणि लिहून घेणाऱ्या पोरीला मोठ्यानं सांगितलं, "एकशे चार!" ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "टेप पुरली का?" सगळे हसले. मी थांबले नाही. "मावशी, आठवड्यात 150 मिनिटं व्यायाम करतेस का?" ती म्हणाली, नाही. मी 'नाही' लिहिलं, आणखी एक गुण वाढला.

ती बाई सकाळी सातपासून कमरेला झोळी बांधून, वाकून वाकून कापूस वेचत होती. झोळीच्या गाठीनं लुगडं जिथं चुरगळलं होतं, नेमकी तिथंच मी टेप लावली होती. व्यायाम म्हणजे तिला शाळेतली कवायत वाटली असणार. मला तर माहीत होतं ना! तरी तोंडातून पाठ झालेलंच निघालं: तेल कमी कर, चालत जा.

"मन्हं माप आख्खा गावले कसाले सांगस वं माय?" एवढं बोलून ती घरात गेली.

त्यानंतर ती उपकेंद्रात आली नाही. शिबिराच्या दिवशी दार लावून घ्यायची. यंदा श्रावणात चक्कर येऊन पडली, तेव्हा बीपी 190 निघालं.

2025 च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. पण वरून आलेला सल्ला गावात पोचेपर्यंत चुलीपुढच्या बाईवरचा ठपका होतो. रेशनवर बहुतेकदा गहू-तांदूळच मिळतात, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद विकत आणावे लागतात. जास्त साखर-मीठ-तेलाचं खाणं शाळेपासून 50 मीटरच्या आत विकायचं नाही, असा नियम 2020 मध्ये झाला. ते अंतर मोजायला कुणी आलेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि ज्यांना कुणी हसत नाही, त्यांचं काय? आमचे शिंपीकाका काडीसारखे. "मले काय व्हई?" म्हणत त्यांनी कधी तपासलं नाही, मीही आग्रह धरला नाही. शुगर तीनशेच्या वर निघाली तेव्हा पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. आपल्याकडे कमी वजनातही शुगर होते, म्हणून तर इथं बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 25 झालं की लठ्ठपणा धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात 30 ला. भिंतीवरच्या पोस्टरवर मात्र एक मोठं पोट आहे, त्याला चेहराच नाही. ते काढा असं मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले. पुन्हा बोलणार आहे.

आता मी माप घरात, दार लोटून घेते. आकडा तोंडानं बोलत नाही, दाखवते आणि लिहिते. व्यायामाच्या आधी विचारते, दिवसभर काय काम केलंस?

परवा संध्याकाळी मावशीकडे गेले. तिनं आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. म्हटलं, टेप नाही आणली. मग तिनं पाट सरकवला. मंगळवारी वेचणीला खाडा करून ती माझ्यासोबत बीपी दाखवायला येणार आहे.