शहराभोवती ११० किलोमीटर: तयारीची नोंद

अकरा आठवडे बाकी

नकाशावर शहराभोवती एक वर्तुळ काढलं आणि नवख्यांसाठीची ही सायकल राइड जमेल याची पहिल्यांदा खात्री वाटली. १०० किलोमीटर परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम १६ किलोमीटर भरते. म्हणजे वाटेत कुठेही कुणाचे पाय संपले, तरी शहराचा मध्य तिथून १६ किलोमीटरवर. रस्ते सरळ नसतात, म्हणून मी २२ धरते. तेवढंच अंतर एका दिशेला जाऊन परत यायचं ठरवलं, तर पन्नासाव्या किलोमीटरला दमलेल्याला घरी यायला पुन्हा पन्नासच किलोमीटर मारावे लागतात. नवख्यांना लांबचं अंतर पहिल्यांदा करायला लावायचं असेल, तर गोल फिरण्यासारखी सुरक्षित वाट नाही.

तेव्हापासून मी या मार्गाकडे चाक म्हणूनच बघते आहे. परीघ ही रिम, आणि शहरात परतणारे रस्ते हे स्पोक. आत्तापर्यंत सात स्पोक ठरले आहेत, साधारण पंधरा-सोळा किलोमीटरला एक. प्रत्येकावरून मी स्वतः सायकल चालवत आत येणार आहे, कारण दमलेल्या माणसाला ज्या रस्त्यावर सोडायचं तो मुख्य मार्गापेक्षा सोपा असला पाहिजे.

दिशेचाही निर्णय झाला. आमच्यासारखी डावीकडून वाहतूक असेल, तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. मग शहर कायम डाव्या हाताला राहतं. राइड अर्ध्यावर सोडून शहरात परतणाऱ्याला रस्ता ओलांडावा लागत नाही, नुसतं डावीकडे वळायचं. बहुतेक मोठी वळणंही डावीच येतात. उजवीकडून वाहतूक असेल तिथे हे सगळं उलट करायचं.

नऊ आठवडे बाकी

रेकी दोन रविवारांत उरकली. कागदावरचा मार्ग १०४ किलोमीटरचा होता, प्रत्यक्षात ११० झाला. दोन ठिकाणी नकाशावर पक्का दिसणारा रस्ता खडीचा निघाला. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशावर त्यांचा पृष्ठभाग कुणी नोंदवलाच नव्हता, तो घरी येऊन मी नोंदवला. मागून येणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

चढाईच्या आकड्याने मात्र बराच वेळ खाल्ला. एका ॲपने ६४० मीटर दाखवले, दुसऱ्याने ९१०, आणि मार्ग तोच. अशा बऱ्याच ॲपमागे २००० साली अवकाशयानावरच्या रडारने केलेलं उंचीचं मोजमाप असतं. त्यात जमीन साधारण ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत मोजलेली आहे. त्यामुळे खोल ओढ्यावरचा पूल असला की ॲप तुम्हाला ओढ्यात उतरवून पुन्हा वर चढवतं. आमच्या मार्गावर असे चार पूल आहेत. माझ्या सायकलच्या कॉम्प्युटरने हवेच्या दाबावरून ६८० मोजले, म्हणून सगळ्यांना ७०० सांगणार आहे. नवख्याला ९१० ऐकवून घाबरवायचं नाही, आणि ६४० सांगून शेवटच्या चढावर फसवायचंही नाही.

फाइलबद्दल एक सूचना. जीपीएक्स, म्हणजे यंत्रात भरायची मार्गाची फाइल, देताना ट्रॅक (वाटेची अखंड रेघ) म्हणून द्या, रूट म्हणून नको. रूटमध्ये ठरावीक बिंदूच असतात आणि मधला रस्ता प्रत्येकाचं यंत्र आपापल्या समजुतीने शोधतं. रेकीला आम्ही तिघेच होतो, तरी एकाच चौकातून तीन दिशांना गेलो.

सात आठवडे बाकी

वेळेचा हिशेब. पॅडल मारताना ताशी २० चा वेग ठेवणारी माणसं ११० किलोमीटर साडेपाच तासांत संपवतील असं वाटतं, पण सिग्नल, पंक्चर, पाणी, फोटो आणि नुसतं उभं राहणं यात ताशी २० चे १५ सहज होतात. १५ ने ७ तास २० मिनिटं लागतात. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना हा आकडा पाठ असेल. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधराच्या आसपासच. १८९१ साली सुरू झालेल्या फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या राइडचे १२०० किलोमीटर आज ज्या ९० तासांत करायचे असतात, तो वेग तर त्याहूनही कमी. थांबे धरून बोललं की लांबच्या अंतराचे आकडे असे नम्र होतात.

मी मात्र वेळापत्रक ताशी १३ ने बांधलं आहे. साडेपाचला निघालं तर शेवटचा माणूस दोनच्या आत परत येतो. पाण्याचे थांबेही त्याच्याच वेगाने ठरवले. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं आणि बहुतेकांकडे दोन बाटल्या, मिळून दीड लिटर. म्हणजे दोन तासांनी पाणी मिळालंच पाहिजे. वेगवान माणूस दोन तासांत चाळीस किलोमीटर जातो, शेवटचा सव्वीस. त्यामुळे एकही टप्पा २५ च्या वर जाऊ दिलेला नाही.

वाऱ्याचं गणित उशिरा सुचलं. गोल मार्गावर वारा कधी ना कधी तोंडावर येणारच. पण गोल कुठूनही सुरू करता येतो! दुपारकडे वारा वाढत जातो, म्हणून त्याच्या विरुद्ध जाणारा पट्टा पहाटेच संपेल अशा बेताने सुरुवातीची जागा अकरा किलोमीटर सरकवली. मार्ग तोच राहिला, पण शेवटच्या तीस किलोमीटरला आता वारा पाठीवर असेल.

पाच आठवडे बाकी

राइड मोफतच राहणार, आणि हा निर्णय माझ्यासाठी पक्का आहे. पैसे घेतले की टी-शर्ट आला, मेडल आलं, टाइमिंग आलं, आणि ज्याला वेळेची भीती वाटते तो घरी बसला. गेल्या आठवड्यात साठीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, माझी साधी सायकल आहे, गिअर नाहीत. चालेल का?" याच माणसासाठी तर ही राइड आहे. त्यांना म्हटलं, "काका, ब्रेक दाखवा, बाकी काही नको." ब्रेक पॅड बदलायला लावले, आणि त्यांचं नाव घेतलं.

मोफत असलं तरी संख्येला मर्यादा आहेच. बारा-बारांचे पाच गट, दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर. प्रत्येक गटाला पुढे वाट दाखवणारा एक लीड आणि सगळ्यात मागे राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा एक स्वीप. साठच्या वर माणसं घेणार नाही, कारण दहाहून जास्त स्वयंसेवक मिळणार नाहीत. मार्ग, वेळ आणि संख्या पोलिसांना लेखी कळवली आहे.

तीन आठवडे बाकी

चौदा जणांना घेऊन अर्ध्या मार्गाची चाचणी केली. सगळ्यात जास्त शिकवलं ते या दिवसाने.

वळणावर माणूस उभा करायची पद्धत वापरून पाहिली. लीडच्या मागचा वळणावर थांबतो, स्वीप आला की त्याच्यासोबत निघतो, आणि पुढच्या वळणावर दुसरा कुणीतरी थांबतो. बारा जणांत हे छान चालतं. पण आम्ही पहिल्या तासातच इतके पांगलो की एका वळणावर उभ्या मुलाला पंचवीस मिनिटं थांबावं लागलं. म्हणून आता ही पद्धत फक्त गटाच्या आत, आणि गट पाच मिनिटांहून जास्त पांगला तर लीडने थांबायचं.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. दोन वर्षांपूर्वी एका राइडला मी सगळ्यात मागे होते. थांब्यावर पोहोचायचे तेव्हा पुढचे पाणी पिऊन, पाय मोकळे करून निघायच्या बेतात असायचे. मी बाटली भरेपर्यंत सगळे निघालेले. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. सत्तराव्या किलोमीटरला माझा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग सायकलला जोडणारा तुकडा) तुटला, तेव्हा पुढे-मागे कुणीच नव्हतं. त्यामुळे आमचा एकच कडक नियम आहे: थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस उतरल्यावर सुरू होतात. चाचणीत पुढच्या दोघांची चुळबुळ झाली. त्यांना पहिल्या गटात टाकलं आहे, तिथे सगळेच त्यांच्या वेगाचे आहेत.

स्वीपच्या पिशवीत काय असावं यावर खूप बोलणं झालं. दोन-तीन मापांच्या ट्यूब, दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारा पंप, ॲलन कीचा संच, चेन तोडायचं-जोडायचं चेन टूल आणि टायर आतून फाटला तर लावायला तुकडा. चेन जोडायच्या कड्या, म्हणजे क्विक लिंक, वेगवेगळ्या हव्यात, नऊ स्पीडच्या चेनची अकरा स्पीडच्या चेनला बसत नाही. हँगर मात्र प्रत्येक सायकलचा वेगळा, तो बाळगणं शक्य नाही. पण चेन टूल असलं तर चेन आखूड करून एकाच गिअरवर जवळच्या स्पोकने घरी येता येतं. त्या दिवशी मला हे माहीत असतं, तर नऊ किलोमीटर सायकल ढकलावी लागली नसती.

स्वीपना आणखी एक सांगितलं आहे. "आलंच आता, थोडं राहिलं" असं कुणाला म्हणायचं नाही. नेमका आकडा सांगायचा. दमलेला माणूस "सहा किलोमीटर, त्यात एक चढ" हे पेलतो. "थोडं राहिलं" तिसऱ्यांदा ऐकलं की मात्र तो बसतो.

दहा दिवस बाकी

छप्पन्न नावं झाली. साध्या सायकलवाले काका रोज वीस किलोमीटर करत आहेत आणि रोज संध्याकाळी मला आकडा कळवतात. काल बत्तीस झाले.

सातपैकी सहा स्पोक मी तपासले. पाचव्यावर कालच खोदकाम सुरू झालेलं दिसलं, शनिवारी पुन्हा जाऊन पर्यायी गल्ली शोधायची आहे. शेवटच्या गटाला अजून स्वीप मिळालेला नाही. वेगवान माणूस नको आहे. पंक्चर काढता येणारा, आठ तास सावकाश चालवूनही न कंटाळणारा कुणी असेल, तर कळवा. शनिवारी पाचवा स्पोक आपण सोबतच बघून येऊ.