कपड्यांसकट

समुद्रात उतरताना अंगावर काय असावं, याबद्दल जगात दोन पंथ आहेत. एक म्हणजे पाण्याला पाय लावण्याआधी शक्य तितकं काढून ठेवणाऱ्यांचा. दुसरा आपला.

अलिबागला, मुरुडला, गणपतीपुळ्याला आपण समुद्रात जातो ते बहुतेक वेळा गाडीतून जसे उतरलो तसेच. पुरुष पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात. पुढची लाट कमरेपर्यंत येते आणि त्या दुमडण्याला काही अर्थ उरत नाही. मग ‘आता भिजलोच आहोत तर’ म्हणून सगळं कुटुंब पाण्यात बसकण मारतं. बायका पंजाबी ड्रेसमध्ये, साडीत, एकमेकींचे हात धरून उभ्या. पोहणारं कोणीच नाही. लाट आली की ओरडायचं, गेली की हसायचं, एवढाच कार्यक्रम. नंतर टॉवेलचा आडोसा, कोरड्या कपड्यांची पिशवी आणि परतीच्या प्रवासभर कुठून कुठून निघत राहणारी वाळू. यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कास्तेलोरिझोला ते वाटायला लागलं. ग्रीसचं हे अगदी पूर्वेकडचं, टोकाचं बेट. ऱ्होड्सपासून सव्वाशे किलोमीटर दूर, आणि समोर तुर्कस्तानचा किनारा मात्र जेमतेम दोन किलोमीटरवर. रात्री तिकडच्या काश गावाचे दिवे दिसतात. बेटाचं क्षेत्रफळ नऊ चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती पाचशेच्या घरात. गाव म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं बंदर, त्याच्या कडेने पिवळी, निळी, विटकरी घरं, आणि घरं व पाणी यांच्या मध्ये एक अरुंद धक्का. त्या धक्क्यावरच खाणावळींची टेबलं. खुर्ची दोन वीत मागे सरकवली तर माणूस थेट समुद्रात. वाळूचा किनारा बेटाला नाहीच. धक्क्याला लोखंडी शिड्या लावल्यात, त्यावरून लोक पाण्यात उतरतात आणि खाली कासवं फिरत असतात. मोठाली, समुद्रातली, कोणाची पर्वा न करणारी कासवं.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी मावशी. मावशी रेवदंड्याची, सत्तरी ओलांडलेली, लहानपणापासून खाडीत डुंबलेली. नवरा बीडकडचा. त्याच्या गावी टँकर येतो तेव्हा लोक आंघोळीचं पाणी मोजून घेतात, त्यामुळे एवढ्या पाण्याकडे तो कायम थोड्या संशयाने बघतो. ‘इतकं पाणी आणि त्यातलं तांब्याभर प्यायच्या कामाचं नाही,’ हे त्याने बोटीवरच सांगून टाकलं होतं. बेटाबद्दल ते खरंच होतं. इथे नदी नाही, झरे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पावसाचं पाणी टाक्यांत साठवून दिवस काढले. नवऱ्याला कोणी तसली जुनी टाकी दाखवली की तो वाकून आत बघायचा आणि खोलीचा अंदाज घ्यायचा. माणसं देवळात जातात तशा भावनेने.

मावशी मात्र रोज सकाळी शिडीवरून उतरायची. गडद निळा सुती पंजाबी ड्रेस, ओढणी कंबरेला पदरासारखी खोचलेली. आजूबाजूला सगळ्या बिकिन्या आणि आखूड चड्ड्या. कोणी काही बोलत नव्हतं, ग्रीक लोक त्या बाबतीत सभ्य आहेत. पण बघत होते. अपघाताने पाण्यात पडलेल्या माणसाकडे बघतात तसं. एकदा एक तरुण शिडीशी हात देऊन उभाच राहिला. तिला वर यायचं नाहीये हे त्याला पटवताना मला घाम फुटला. मीही टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून उतरत होते. मावशीइतकी निर्धास्त नव्हते, एवढाच फरक.

आणि मग १९ जुलै आला.

२० जुलै हा संदेष्टा एलीया याचा सण. बायबलच्या जुन्या करारातला हा खमका माणूस. राजाला तोंडावर ‘आता पाऊस पडणार नाही’ म्हणून सांगणारा, आणि मग वर्षानुवर्षांच्या दुष्काळानंतर कर्मेल डोंगरावर बसून पाऊस मागणारा. चाकराला तो पुन:पुन्हा समुद्राकडे बघायला पाठवतो. सातव्या खेपेला चाकर सांगतो, तळहाताएवढा ढग समुद्रातून वर येतोय. बीडच्या माणसाला ही गोष्ट फार आवडली. शेवटी एलीया अग्निरथातून स्वर्गात गेला, म्हणून ग्रीसमध्ये ढग गडगडले की एलीयाचा रथ चालला असं म्हणायची पद्धत आहे.

त्याची देवळं ग्रीसभर डोंगरमाथ्यावर असतात आणि त्यामागेही एक लोककथा सांगतात. एलीया म्हणे आधी खलाशी होता. समुद्राचे हाल सोसून इतका विटला, की खांद्यावर वल्हं टाकून जमिनीच्या दिशेने चालायला लागला. भेटेल त्याला विचारायचा, हे काय आहे? लोक म्हणायचे, वल्हं. मग तो आणखी पुढे जायचा. अखेर एका उंच डोंगरावर कोणीतरी म्हणालं, काठी. तिथे तो थांबला. होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसलाही असंच वल्हं घेऊन चालत जायला सांगितलेलं आहे, तेव्हा ही कथा एलीयाच्या नावावर नंतर चढलेली दिसते.

तर समुद्राला पाठ फिरवून डोंगरावर जाऊन बसलेल्या या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी कास्तेलोरिझोचे लोक काय करतात, तर धक्क्यावरून समुद्रात उड्या मारतात. कपड्यांसकट. हा विरोधाभास तिथे कोणाला खटकत नाही, आणि मीही कोणाला त्याचं स्पष्टीकरण मागायला गेले नाही. सणाला कारण विचारलं की लोक कारण तयार करून देतात.

सुरुवात मुलांनी केली. शाळकरी पोरं, चपला-बुटांसकट, एकमेकांना ढकलत, धप्प धप्प. मग त्यांच्या मोठ्या बहिणी. मग खाणावळीतला एक वेटर, कंबरेचा एप्रन तसाच ठेवून. टेबलावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचं जेवण बराच वेळ आलं नाही. एक आजोबा खिशातली सिगारेटची पेटी, चष्मा आणि किल्ल्या व्यवस्थित खुर्चीवर मांडून, इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचलेला आहे ना हे चाचपून, पाय खाली घेऊन सरळसोट गेले. वर आले तेव्हा शर्टची खोच सुटलेली नव्हती. कोणी काचकूच करत उभं राहिलं की मागून पोरं येऊन त्याचा प्रश्न सोडवत होती.

उन्हाळ्यात बेटाची गर्दी वाढते ती ऑस्ट्रेलियातून. गेल्या शतकात या बेटाने फार सोसलं. फ्रेंच आले, मग इटालियन आले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, आगी लागल्या, लोकांना गाझापर्यंत हलवावं लागलं. बेट ग्रीसचं झालं ते १९४८ मध्ये, पण तोवर बहुतेक माणसं पर्थ आणि सिडनीला जाऊन पोचली होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आता सुट्टीत येतात. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात, अगदी तसं: तीच घराच्या चाव्यांची शोधाशोध, भाऊबंदकीतले तेच भिंतींचे वाद, आणि गावच्या रीतींबद्दल गावात राहणाऱ्यांपेक्षा जास्त उत्साह. आमच्या शेजारच्या घरातली पर्थची नात सकाळपासून धक्क्यावर फेऱ्या मारत प्रत्येकाला ‘कधी उडी मारणार?’ म्हणून विचारत होती.

मावशी हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. शेवटी म्हणाली, ‘आज कुठे ह्या लोकांना अक्कल आली.’ ओढणी खोचली आणि शिडीकडे निघाली. एरवी आ वासून बघणारं तेच गाव आज तिला हाका मारत होतं. ती शिडीवरून उतरली नाही. शिडीच्या शेजारी धक्क्याच्या कडेला उभी राहिली, नाक धरलं आणि गेली. तिच्या मागोमाग मी.

कपड्यांसकट उडी मारणं आणि कपड्यांसकट चालत पाण्यात जाणं यात फरक आहे, तो आपल्याला माहीत नसतो, कारण आपण दुसऱ्यातले. चालत गेलं की कपडे हळूहळू भिजत जातात. उडीत पहिल्यांदा हवा. कुर्ता घंटेसारखा फुगून गळ्यापर्यंत वर येतो आणि क्षणभर माणूस स्वतःच्याच कपड्यात कोंडला जातो. मग ती हवा बुडबुडत निघून जाते आणि वजन येतं. सलवार पायांना ओढत असते. हात मारला की बाही मागे राहते. या दिवशी सगळं बंदर असंच जड, अडखळत, फुर्रफुर्र करत पोहत होतं. रोज माशासारखे सुळकन जाणारे तरुण जीन्स घालून हेलपाटत होते. त्या गर्दीत सगळ्यात सराईत कोण होतं, हे सांगायला नकोच. सत्तर वर्षांचा सराव होता तिचा.

भिजल्यावर सगळे सारखे होतात, असं इथे लिहायचा मोह होतो. नाही होत. पर्थच्या नातीचा लिननचा झगा भिजूनही मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभला असता, आणि माझी लेगिंग गुडघ्यांपाशी दोन पिशव्या बाळगून होती.

गोव्यात २४ जूनला, सांजावला, लोक डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, ते मी लहानपणी पाहिलं होतं. तो सण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, आईच्या पोटात आनंदाने उडी मारणारा तो. आणि हा योहान एलीयाच्याच आत्म्याने आणि सामर्थ्याने येईल, असं बायबल म्हणतं. म्हणजे विहिरीतला संत आणि बंदरातला संत एकमेकांच्या चांगले ओळखीचे. पाण्यात मात्र हे काही आठवलं नाही. पाण्यात फक्त एक कासव आठवत होतं, सकाळी इथेच फिरत होतं ते.

नवरा पोहत नाही, त्यामुळे तो धक्क्यावर आमचे मोबाइल, चष्मे, मावशीची पर्स आणि का कोण जाणे त्या आजोबांच्या किल्ल्यासुद्धा धरून उभा होता. पोरांनी त्याला ढकललं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं असावं. पण सोडलंही नाही. एकाने खाणावळीतून प्लास्टिकची बादली पैदा केली. सामान त्याच्या हातून काढून टेबलावर ठेवण्यात आलं, त्याला शिडीच्या वरच्या पायरीवर बसवण्यात आलं आणि समुद्राच्या बादल्या डोक्यावर ओतायला सुरुवात झाली. त्याच्या गावी दुष्काळी वर्षी पोराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून, दारोदार ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत फिरवायचे आणि बायका त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायच्या. लहानपणी एका वर्षी तो धोंडी झाला होता. त्या वेळी, तो सांगतो, प्रत्येक घरातून अर्धाच तांब्या यायचा. इथे बादली संपली की पोरं पुन्हा भरून आणत होती, आणि तो डोळे मिटून ‘अजून, अजून’ म्हणत होता. मराठीत. पोरांना ते बरोबर कळत होतं.

‘जावईबापू, तोंड मिटा, खारं आहे,’ मावशी खालून ओरडली.

संध्याकाळी धक्क्यावरच्या खुर्च्यांवर ओले लोक ओल्या लोकांशेजारी बसून जेवले. खाणावळवाल्याने गाद्या आधीच काढून ठेवल्या होत्या, त्याला अनुभव होता. पर्थच्या नातीची आजी मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि तिने मावशीच्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. तिचा स्वतःचा झगा अजून ठिबकत होता, मावशीचा जवळपास वाळला होता. कापड कोणतं, असं तिने नातीमार्फत विचारलं. मग ग्रीकमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत आणि उलट असा बराच व्यवहार झाला. मावशीने शिवणीपासून सुरुवात केली: बाजूचे चीर उंच हवेत, म्हणजे हवा भरत नाही. नाडी दुहेरी. मलमल अजिबात नको, अंगाला चिकटते.

‘आणि तिला सांग,’ मावशी मला म्हणाली, ‘पुढच्या वर्षी गडद रंग घे म्हणावं. पांढरं घालून कोणी समुद्रात जातं का?’